अंगठ्याचे दुखणे वेगळे, मुंग्या वेगळ्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या आरोग्य पुरवणीत मोबाइलमुळे होणाऱ्या हाताच्या दुखण्यांवर लेख दिलात, त्याबद्दल आभार. पण अंगठ्याच्या मुळाशी उठणारी कळ आणि बोटांना येणाऱ्या मुंग्या, दोन्हींना सरसकट ‘कार्पल टनेल’ (मनगटातला मज्जातंतू, म्हणजे नस, दाबला जाण्याचा आजार) म्हणून लेखकाने वाचकांची दिशाभूल केली आहे. याचा मला संताप आला, कारण या गल्लतीचा त्रास आमच्या घराने भोगला आहे.

माझी पत्नी अबोलीच्या, जायांच्या फाती (गजरे) करून विकते. पूर्वी गिऱ्हाईक दारात येऊन सांगून जायचे, आता सगळे व्हॉट्सअ‍ॅपवर. फोन उजव्या हातात आणि त्याच हाताच्या अंगठ्याने उत्तरे. श्रावणात अंगठ्यात अशी कळ येऊ लागली की फातीची गाठ आवळता येईना. एका दवाखान्यात हाताला हातही न लावता ‘कार्पल टनेल आहे, रील्स कमी बघा’ म्हणून मनगटाचा पट्टा दिला. रील्स बघायला तिला सवड कुठली? त्या पट्ट्यात अंगठा मोकळाच राहायचा. चतुर्थीची सगळी कामे तिने तो बांधून केली आणि दुखणे वाढतच गेले.

पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी अंगठा मुठीत धरायला लावला, मनगट करंगळीच्या बाजूला वाकवले आणि ती कळवळलीच. हा डी क्वेर्वेनचा आजार. अंगठा बाहेर ओढणाऱ्या कंडरा (स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या) मनगटाजवळ ज्या अरुंद आवरणातून जातात, ते जाड होते आणि प्रत्येक हालचालीला त्या घासतात. स्विस शल्यचिकित्सक फ्रिट्झ डी क्वेर्वेन यांनी १८९५ साली त्याचे वर्णन केले. तान्ह्या बाळाला सतत उचलणाऱ्या आयांनाही तो होतो. त्याला अंगठाही स्थिर ठेवणारा पट्टा लागतो.

कार्पल टनेलमध्ये मनगटातली नस दाबली जाते. मुंग्या अंगठा, तर्जनी, मध्यमा आणि अर्ध्या अनामिकेला येतात, करंगळी सुटते. माणूस रात्री उठून हात झटकतो. मधुमेह किंवा थायरॉइडच्या रुग्णांत तो अधिक आढळतो, म्हणून तेही तपासावे लागते. आणि कोपर दुमडून तासन्‌तास फोन धरल्यावर करंगळी बधिर होत असेल, तर दुखणे कोपरातल्या नसेचे असू शकते. लेखात यातले काहीही नाही, तरुण पिढीला उपदेश मात्र दोन रकाने.

ज्यांचे पोटच फोनवर आहे त्यांना ‘वापर कमी करा’ सांगून काय उपयोग? एका हातात फोन धरून दुसऱ्या हाताच्या तर्जनीने टाइप करा, बोलून निरोप पाठवा, एवढे लिहिले असते तरी पुष्कळ होते.

आणखी एक. व्यायामाची चित्रे पाहण्यासाठी लेखाखाली क्यूआर कोड छापला आहे. हात दुखणाऱ्या माणसाने त्यासाठी पुन्हा मोबाइल हातात घ्यायचा का? वर्तमानपत्राचे पैसे आम्ही छापील पानासाठी मोजतो. लेखाची दुरुस्ती आणि ती चित्रे पुढच्या पुरवणीत पानावर छापावीत, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक,
म्हार्दोळ, फोंडा