प्राण्यांची नोंद पावसाळ्यातही घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उमरेड रोडच्या बाजूला आमच्या भागात एका गिट्टी खदानीच्या विस्ताराची चर्चा सुरू आहे. गिट्टीलाच माझा विरोध नाही. सिमेंटचे रस्ते, उड्डाणपूल सगळं आपल्यालाच हवं आहे, तेव्हा दगड कुठून तरी निघणारच. पण विस्ताराआधी वन्यजीवांवर होणाऱ्या परिणामांचा जो अभ्यास करतात, तो भलत्याच वेळी होतो, एवढंच मांडायचं आहे.

खाणींच्या पर्यावरणीय अहवालासाठी हवा, पाणी, माती, झाडं आणि प्राणी यांची आजची स्थिती एका हंगामात नोंदवली तरी चालते, आणि तो हंगाम पावसाळा सोडून धरायचा असतो. धुळीच्या बाबतीत हे ठीक आहे. पावसात धूळ बसते, मग मोजणार काय? पण तोच नियम बेडकांनाही लावून ठेवला आहे. नवरंग पक्षी आपल्याकडे मे-जूनमध्ये येतो, पिल्लं वाढवतो आणि पाऊस सरला की दक्षिणेकडे निघून जातो. जानेवारीत दोन दिवस फिरून गेलेला सल्लागार ‘नवरंग आढळला नाही’ असं लिहील आणि ते खोटंही नसेल. तडस, साळिंदर, खोकड, रातवा ही तर रात्रीची मंडळी. क्रशर सुरू असताना दिवसाउजेडी ती दिसावीत कशी? कॅमेरे लावणं काही अशक्य नाही. आपल्याच पेंच व्याघ्र प्रकल्पातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ खाली प्राण्यांसाठी मार्ग ठेवले, तिथे कॅमेरे लावले आणि वाघापासून सगळ्यांची ये-जा टिपली गेली.

दुसरं म्हणजे, जुनी खदान ही मेलेली जागा आहे असं गृहीत धरलं जातं. शृंगी घुबड काड्यांचं घरटं बांधत नाही, दगडाच्या कपारीत अंडी घालतं, तेही साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. काम थांबलेली कड त्याला फार सोयीची. मुरमाच्या उभ्या कापात वेडे राघू उन्हाळ्यात बिळं कोरतात. टिटवीची अंडी तर उघड्या खड्यांवर पडलेली असतात आणि खड्यांसारखीच दिसतात. टिप्परचालकाला ती दिसणं शक्यच नाही. विस्तार करताना सगळ्यात आधी हीच जुनी कड फुटते. कुठली कड कुठल्या महिन्यात फोडायची, हे आधी बघून ठरवलं तर खदानमालकाला फारसा खर्च नाही. पण बघायलाच कोणी गेलं नाही, तर ठरवणार कशावरून?

विस्तार म्हटला की हातात मागचा हिशेब असतो, नव्या खाणीत तो नसतो. पर्यावरण मंजुरीतल्या अटी पाळल्या की नाही, याचा अहवाल दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो, आणि तो सार्वजनिक दस्तऐवज आहे. झाडं लावली का, कडेला कुंपण घातलं का, उपसलेलं गढूळ पाणी नाल्यात सोडलं का, हे त्यात तपासता येतं. मागच्या अटींचं काय झालं ते कळल्याशिवाय नव्या आश्वासनांवर बोलण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

शेजारशेजारच्या खदानींचा एकत्रित परिणामही असाच सुटतो. पाच हेक्टरांपेक्षा लहान तुकडे पाडून मंजुरी टाळायची वाट सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दीपक कुमार प्रकरणात बंद केली. त्यानंतर पाचशे मीटरच्या आत असलेले खाणपट्टे एकत्र धरायचा नियम आला. तरी टिप्परचा रस्ता कुणाच्याच पट्ट्यात मोडत नाही. सगळ्या खदानींचा माल त्याच रस्त्याने डांबरी सडकेला लागतो आणि रात्री चाकाखाली आलेलं उदमांजर कुणाच्याच अहवालात जात नाही.

‘इथून अभयारण्य लांब आहे’ हे उत्तर ठरलेलं असतं. नागझिरा अभयारण्यातला ‘जय’ वाघ २०१३ मध्ये उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात आला, तो काही जंगलाजंगलानेच आला नव्हता. शेतं आणि रस्ते ओलांडून आला.

जनसुनावणी, म्हणजे विस्ताराबद्दल लोकांचं म्हणणं ऐकणारी बैठक, लागली तर तिची सूचना किमान तीस दिवस आधी वर्तमानपत्रात द्यावी लागते. सुनावणीला गणपूर्तीची अट नाही, म्हणजे चार माणसं आली तरी ती झाली असंच धरतात. मजुरी बुडवून जाता येत नसेल, त्याला लेखी म्हणणं पाठवता येतं, पण हे गावात फारसं कुणाला ठाऊक नसतं. अशी सूचना निविदांच्या गर्दीत बारीक अक्षरात छापून येते. आपण ती स्थानिक पानावर बातमी म्हणून द्यावी, तारीख, जागा आणि लेखी हरकतींचा पत्ता ठळक टाकावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, उमरेड रोड, नागपूर