बाबा, काय केलं ते लिहून पाठवते आहे

पुणे,
रविवार, रात्र

ती. बाबा आणि ती. आई,
सा. न. वि. वि.

पोचले. सांगलीहून घरी यायला साडेनऊ वाजले. आईने दिलेलं भडंगही पोचलं, पण अर्धंच, कारण कऱ्हाड सोडल्यावर मला राहवलं नाही.

निघताना दारात बाबा म्हणाले, "लॅपटॉपवर नेट चालू झालं ते दिसलं. पण काय केलंस ते लिहून पाठव. जादू नको." चाळीस वर्षं हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी म्हणून बसलेल्या माणसाला नुसती शिल्लक सांगून भागत नाही, कीर्द दाखवावी लागते. म्हणून हे पत्र. फोनवर सांगायचा प्रयत्न गेल्या महिन्यात तीनदा करून झाला. मी म्हणायचे, "उजवीकडे खाली काय दिसतंय?" आणि तुम्ही सांगायचात, "चष्म्याचं घर."

आधी एक कबूल करून टाकते. आईचं बरोबर होतं. पहिल्याच दिवशी ती म्हणाली होती, "माझ्या मोबाईलवर चालतंय की! तुमच्या त्या डबड्यालाच काहीतरी झालंय." आपण दोघांनी ते कानाआड केलं. तुम्ही नेटवाल्या पोराला तीन वेळा बोलावून झापलं आणि मी इथे बसून "राउटर बंद करून चालू करा" एवढंच पालुपद लावलं. त्याच घरात, त्याच राउटरवर एक यंत्र नीट चालतंय आणि दुसरं रांगतंय, तर बाहेरून येणारी लाईन ठीक आहे. अर्धं निदान तिथेच झालं होतं.

आता सुरुवातीपासून. विंडोज १० ला मिळणारे सुरक्षेचे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. तुम्ही बँकेचं सगळं त्याच लॅपटॉपवर करता, म्हणून विंडोज ११ घ्या असा आग्रह मीच धरला आणि तो चुकीचा नव्हता. पण विंडोज ११ घेतलं त्याच आठवड्यापासून पानं उघडेनात, आणि रविवारच्या व्हिडिओ कॉलवर तुमच्या नातीचा चेहरा तोंड उघडं ठेवून थिजायला लागला. पहिले दहा दिवस जुन्या विंडोजवर परत जाता येतं. ते दहा दिवस आपण नेटवाल्यावर चिडण्यात घालवले.

शनिवारी सकाळी तुम्ही गणपतीला गेलात तेव्हा मी कामाला लागले. तुमची वही आधी बघितली. तारीख, वेळ, स्पीड टेस्टचा आकडा, सगळं सुवाच्य अक्षरात. पण बाबा, त्यातला एक आकडा खाली सोप्यातला, दुसरा माडीवरचा, तिसरा आईच्या मोबाईलवरचा, आणि कुठला कुठला ते लिहिलेलंच नाही! कृष्णेला पूर येतो तेव्हा पाणी किती चढलं हे तुम्ही कशावर बघता? आयर्विन पुलाच्या पट्टीवर. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. उद्या एकाने पुलावर मोजलं, दुसऱ्याने हरिपूरला आणि तिसऱ्याने आपल्या पायरीवर, तर त्या तीन आकड्यांवरून पाणी चढतंय की उतरतंय हे सांगता येईल का? इथेही तसंच. जागा एक, यंत्र एक, आणि दोन मोजण्यांच्या मध्ये बदलही एकच.

म्हणून लॅपटॉप घेऊन मी माडीवर गेले आणि लॅनची वायर थेट राउटरला लावली. आकडा आला ४७, सेकंदाला मेगाबिटमध्ये. तुमचा प्लॅन ५० चा, म्हणजे लाईन चोख आणि लॅपटॉपही चोख. मग वायर काढली, खाली सोप्यात तुमच्या टेबलावर आले, वायफायवर मोजलं. ३. भानगड होती ती माडी आणि सोपा यांच्यामधल्या हवेत. नेटवाल्याने सुचवलेला १०० चा प्लॅन घेतला असता तरी खाली तीनच्या आसपासच आलं असतं, फक्त बिल वाढलं असतं.

(जाता जाता, "५० चे पैसे घेतात आणि डाउनलोड करताना ६ दाखवतात, ही लबाडी आहे" असं वहीत लाल शाईने लिहिलंय, ते खोडा. प्लॅन मोजतात मेगाबिटमध्ये आणि फाईल मोजतात मेगाबाइटमध्ये. आठ बिट म्हणजे एक बाइट. ५० भागिले ८, सव्वासहा. तुम्ही क्विंटलचा भाव पोत्याला लावत होतात.)

त्या तीनमध्ये दोन कारणं गुंतलेली होती. पहिलं सापडायला दोन मिनिटं लागली. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात 'नेटवर्क' या शब्दावर टिचकी मारली की सगळ्यात जास्त नेट खाणारा वर येतो. वर वनड्राइव्ह बसलं होतं, म्हणजे फाईलींची प्रत इंटरनेटवर ठेवणारी विंडोजची सोय. नवीन विंडोज पहिल्यांदा चालू होताना दोन-चार प्रश्न विचारतं आणि तुम्ही "पुढे, पुढे" करत गेलात. त्यातल्या एका प्रश्नात, फोटोंची प्रत इंटरनेटवर ठेवू का, असं होतं. ते बिचारं हुकूम पाळत होतं.

आणि फोटो कुठले? २०१९ चे. पाणी ५७ फुटांच्या वर गेलं त्या वर्षी भिजलेले अल्बम आपण गच्चीवर दोऱ्या बांधून वाळवले होते आणि मग मी एकेका फोटोचा फोटो काढत बसले होते. तो अख्खा गठ्ठा हे यंत्र गुपचूप वर पाठवत होतं.   तुम्ही लॅपटॉप उघडता रोज तासभर, आणि त्या तासात त्याला वाटतं, चला, आता पाठवून घेऊ. म्हणजे रोजचा तुमचा तो तास फोटोंनी खाल्ला. वायफायची वाट एकेरी आहे, आपल्या गल्लीसारखी. तिकडून टेम्पो आत शिरला की इकडच्याने कोपऱ्यावर थांबायचं. फोटो वर जात असताना बातम्यांचं पान खाली यायला थांबून राहतं.

ते मी बंद केलंय. आईचा जीव अडकला असेल म्हणून सांगते, एकही फोटो हरवलेला नाही. सगळ्यांची प्रत पेनड्राइव्हवर घेऊन देवघराच्या वरच्या फळीवर ठेवलीय. फक्त वनड्राइव्हमध्ये जाऊन "हे कशाला इथे" म्हणून काही पुसू नका. तिथे पुसलं की लॅपटॉपवरचंही जातं.

एवढं करून आकडा ३ वरून ७ वर आला. तुम्ही देवळातून आलात तेव्हा मी गप्प होते ती त्यामुळे. सात माझ्या मनाला पटत नव्हते.

दुसरं कारण माझ्याच दारात निघालं. पुरानंतर तुम्ही विजेचं सगळं सामान माडीवर हलवलं, राउटरसुद्धा. २०२१ ला पुन्हा पाणी आलं तेव्हा त्याचा उपयोग झालाच. पण राउटर वर आणि तुमचं टेबल खाली, मध्ये सळ्या घातलेला स्लॅब. राउटर दोन प्रकारच्या लहरी सोडतो, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पाचची वेगवान, पण भिंत-स्लॅब लागला की दमते. २.४ ची हळू, पण चिवट, स्लॅबमधून वाट काढते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये लॅपटॉप घेतला तेव्हा मी त्याला बजावून ठेवलं होतं की बाबा रे, तू २.४ लाच धर. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डाच्या (लॅपटॉपमधला वायफाय पकडणारा भाग) 'अ‍ॅडव्हान्स्ड' पानावर 'प्रिफर्ड बँड', म्हणजे आधी कुठली लहर धरायची ते असतं, तिथे. आणि मग साफ विसरले.

अपडेटबरोबर त्या कार्डाचा ड्रायव्हर नवा आला. ड्रायव्हर म्हणजे कार्डाला विंडोजची भाषा समजावून सांगणारा दुभाष्या. नव्या दुभाष्याला माझी जुनी सूचना कोण सांगणार? त्याने आपल्या बुद्धीने वेगवान ती पाचची लहर धरली आणि स्लॅबशी झटत बसला. आईचा मोबाईल आपला २.४ वर सुखात. मी पुन्हा २.४ केलं, टेबलावर मोजलं, ३१. तुम्ही म्हणाल, ४७ का नाही? ते वायरचे आहेत बाबा, वाऱ्यावरचे नव्हेत. व्हिडिओ कॉलला चार-पाच पुष्कळ होतात.

म्हणजे महिनाभर तुम्ही ज्याच्यासाठी त्या पोराला बोल लावलेत, ते माझं पाच वर्षांपूर्वीचं न लिहिलेलं काम होतं. तुम्ही असता तर शेऱ्यात नोंद केली असती. आता करा. वहीच्या शेवटच्या पानावर लिहा: "वायफाय कार्ड, प्रिफर्ड बँड, २.४. कारण राउटर माडीवर." कारण नक्की लिहा. मोठं अपडेट आलं की ते एकदा बघायचं. वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये 'नेटवर्क बँड' असं लिहिलेलं असतं, तिथे ५ दिसलं तर मला फोन करा.

आणि ते "बंद करून चालू करा" मी तुम्हाला अर्धवट सांगितलं होतं. लॅपटॉप 'शट डाउन' केला की तो बऱ्याचदा पुरता झोपत नाही. लवकर उठता यावं म्हणून मधली काही अवस्था जपून ठेवतो. बिघाडही त्याच्याबरोबर जपला जातो. खरं नव्याने सुरू करायचं तर 'रिस्टार्ट'.

आई, तुला एक वेगळं. परवा स्क्रीनवर "तुमचा कॉम्प्युटर स्लो झाला आहे, या नंबरवर फोन करा" असं आलं होतं म्हणालीस आणि तू नंबर लिहून घेतलास. तो कागद मी फाडला. असा नंबर खऱ्या कंपनीचा नसतो. कोणी फोनवर गोड बोलून एखादं अ‍ॅप टाकायला लावलं तर सरळ ठेवून दे, मग ते मराठीत बोलो नाहीतर हिंदीत. आणि चुकून पैसे गेलेच तर लाजत बसू नको, लगेच १९३० लावायचा, तो सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर आहे.

बाबा, तो नेटवाला पोरगा गल्लीत दिसला की त्याला चहाला बोलवा. माफी वगैरे मागू नका, तुम्हाला ते जमायचं नाही. नुसता चहा पुरे.

येत्या रविवारी अकराला कॉल करते. त्याआधी टेबलावर बसून आकडा घ्या आणि जागेसकट लिहून ठेवा.

तुमची थोरली

ता. क. आई, त्या फोटोंमध्ये हरिपूरच्या संगमावरचा एक आहे. तू नऊवारीत, हसतेयस, आणि शेजारी एक बाई आहे तिच्या चेहऱ्यावर पाण्याचा डाग पसरलाय. बाबांना विचारलं तर म्हणाले, आईला विचार. कोण गं ती?