घाट उतरण्यापूर्वी

सातारा

चि. मृण्मयीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दिवाळीच्या सुटीत मैत्रिणींबरोबर सायकलने मेढ्यावरून केळघर घाट चढून महाबळेश्वरी मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरायचे, हा तुमचा बेत आम्हा दोघांनाही मनापासून आवडला. आपल्या मुलखातले घाट तू आजवर एसटीच्या खिडकीतूनच पाहिलेस, याची मला खंत वाटत असे.

चढाविषयी फारसे सांगायचे नाही. घाट लागण्यापूर्वीच हलका गिअर टाकावा, शेजारणीशी बोलता येईल इतक्याच वेगाने चालवावे आणि तहान लागण्याची वाट न पाहता घोट घोट पाणी पीत राहावे. यवतेश्वरच्या चढावर तुझा दमसास मी पाहिला आहे.

माझा जीव लागून राहतो तो उतारात. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर आणि सावित्रीकाठचे पोलादपूर पार कोकणात, घाटाच्या पायथ्याशी. ही बहुतेक सारी उंची तुम्ही चाळीसेक किलोमीटरांत उतरणार आहात. इतक्या लांब उतारावर ब्रेक सतत दाबून धरला, तर रबराच्या घर्षणाने रिम तापते, ब्रेकची पकड कमी होत जाते आणि रिम फारच तापली तर ट्यूबही फुटू शकते. म्हणून वळण येण्याआधी, सायकल सरळ असतानाच, दोन्ही ब्रेक दाबून वेग आटोक्यात आणावा, मग ते मोकळे सोडावेत आणि ऐन वळणात करकचून ब्रेक मारू नये. पावसाळा नुकताच सरलेला असेल, तेव्हा झाडीच्या सावलीत रस्ता ओलसर आणि कडेला बारीक खडी साचलेली सापडेल. अशा जागी चाक चटकन घसरते. घाटात चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यायची असते आणि तीव्र वळणावर एसटीला जवळजवळ सगळा रस्ता लागतो, म्हणून हॉर्न ऐकताच डाव्या कडेला थांबावे. चढताना घामाने भिजलेले अंग उतारावरच्या वाऱ्याने गारठते आणि गारठलेल्या बोटांनी ब्रेक नीट दाबला जात नाही. निघतानाच विंडचीटर आणि हातमोजे घाला.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तुमच्यातली जी सर्वांत तयारीची असेल, तिने पुढे न धावता पंप आणि पंक्चरचे सामान घेऊन सर्वांच्या मागे राहावे, म्हणजे भीतीने हळू उतरणारी मुलगी घाटात एकटी पडणार नाही. प्रतापगडाचा फाटा आला की सगळ्याजणी जमेपर्यंत थांबा. उशीर झाला तरी चालेल.

ब्रेकचे रबर झिजले असावेत. निघण्याच्या दोन दिवस आधी घरी ये, आपण दोघे मिळून ते बदलू आणि तारांचा ताणही पाहू.

तुझे
बाबा