द्राक्षाची जोडी कात्रीशी लावली तर बिघडलं कुठे?

संपादक महोदय,

परीक्षा जवळ आल्या की 'जोड्या लावा' आणि 'गटात न बसणारं ओळखा' यांचा नुसता मारा सुरू होतो, त्यावर थोडं लिहायचंय. दिंडोरीकडच्या आमच्या नात्यातल्या एका पोराच्या वर्कशीटवर द्राक्षं, केळं आणि कात्री अशी चित्रं होती. पठ्ठ्याने केळं बाहेर काढलं. लगेच लाल फुली! अहो, सीझनमध्ये ज्या घरात सकाळपासून कात्रीने घड कापायचे, खराब मणी काढायचे, क्रेट भरायचे हेच चालू असतं तिथल्या पोराला द्राक्षं आणि कात्री एकत्रच दिसणार ना, केळ्याचा तिथे संबंधच काय. बरं, असं का केलंस हे कुणी विचारलंही नाही.

हे काही आजचं नाहीये. १९३१-३२ मध्ये अलेक्झांडर लुरिया नावाचे सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ उझबेकिस्तानातल्या खेड्यांत गेले होते, त्यांनी शेतकऱ्यांना हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि लाकडाचा ओंडका दाखवून वेगळं काय ते विचारलं. निरक्षर शेतकरी म्हणायचे सगळं एकत्रच लागतं, ओंडकाच नसेल तर करवत चालवणार कशावर? आणि जे थोडंफार शाळेत गेलेले होते ते मात्र ओंडका बाजूला काढून बाकीची अवजारं म्हणायचे. म्हणजे 'गट' पाडायची ही सवय बरीचशी शाळेने लावलेली, तिच्यावरून पोरगं हुशार की ढ हे कसं काय ठरवता.

आणि ती लागते कशी तेही बघा. १९८४ मध्ये अमेरिकेत एलन मार्कमन आणि जीन हचिन्सन यांनी लहान मुलांवर प्रयोग केले. नुसतं 'याच्यासारखं दुसरं दे' म्हटलं की मुलं बऱ्याचदा सोबत लागणारी वस्तू उचलायची, पण त्याच चित्राला एखादं बनावट नाव देऊन 'आता दुसरं तेच शोध' म्हटलं की त्याच जातीची वस्तू उचलण्याचं प्रमाण वाढायचं. म्हणून पोरांना गट शिकवायचाच असेल (आणि शिकवायलाच हवा, पुढे विज्ञानात त्याशिवाय चालत नाही) तर फुल्या मारण्यापेक्षा 'हे पण फळ, ते पण फळ' असं बोलत राहा, भाजी बाजारात फिरतानासुद्धा होतं ते काम.

मोठी माणसं तरी कुठे सारखी गट पाडत बसतात? पंचवटीतल्या पूजा साहित्याच्या दुकानात नारळ, कापूर, वाती, कुंकू शेजारी शेजारीच असतात, यातलं एक तरी दुसऱ्याच्या जातीचं आहे का?

स्कॉलरशिपला गोळेच रंगवायचे असतात, तिथे कारण लिहायला जागा नाही हे मान्य. पण पहिली-दुसरीच्या वर्कशीटवर 'का रे बाबा?' विचारून, उत्तर पटलं तर मार्क द्यायला शिक्षकांना कोण अडवतंय?

– एक पालक, इंदिरानगर, नाशिक