मणक्यातला 'गॅप'

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या मंगळवारच्या आरोग्य पुरवणीत पाठदुखीवरच्या लेखात 'मणक्यात गॅप पडणे' हे शब्द सहा वेळा आले. मी मोजले, कारण रोज हेच ऐकते. मिरजेतल्या एका स्कॅन सेंटरवर मी 14 वर्षे एमआरआय तंत्रज्ञ आहे. चांदीचा करदोटा, जोडवी काढून टेबलावर आडवे होता होता पेशंट विचारतातच, "ताई, गॅप भरून निघंल का?"

एक्स-रेत दोन मणक्यांच्या मध्ये मोकळी जागा दिसते, तिलाच लोक गॅप म्हणतात. ती मोकळी नसतेच. तिथे गादी (डिस्क) आणि कूर्चा (मऊ, लवचीक हाड) असते, एक्स-रेत ती उमटत नाही इतकेच. उलट गादी झिजली की ही जागा कमी होते. म्हणजे ज्याला आपण 'गॅप पडला' म्हणून घाबरवतो, त्याचा गॅप खरे तर बुजत चाललेला असतो! हे मी पेशंटना सांगून पाहिले. त्यांना चेष्टा वाटते.

एमआरआयमध्ये गादी दिसते. पाणी टिकून असेल तर टी-टू चित्रात (एमआरआयच्या ज्या प्रकारात पाणी उजळ दिसते त्यात) पांढरी, सुकत गेली की काळी. पण तिच्या वर-खाली कूर्चेचा एक पापुद्रा असतो, सहसा मिलीमीटरभरही जाड नसलेला. आमच्या नेहमीच्या वीस मिनिटांच्या स्कॅनमध्ये तो नीट येत नाही. त्याचा सिग्नल इतक्या झटकन विझतो की मशीन टिपायला लागेपर्यंत काही उरत नाही. त्यासाठी 'अल्ट्राशॉर्ट एको टाइम' नावाचे सिक्वेन्स, म्हणजे सिग्नल विझायच्या आत तो टिपणाऱ्या स्कॅनच्या खास पद्धती, लागतात, आणि ते अजून मुख्यतः संशोधनातच वापरतात. आणि महत्त्वाचा तर तोच! मोठ्या माणसाच्या गादीच्या गाभ्यात रक्तवाहिन्या नसतात, तिथले पोषण मणक्यातून या पापुद्र्यामार्फत झिरपत येते. कोइम्बतूरच्या गंगा हॉस्पिटलमधले डॉ. एस. राजशेखरन आणि सहकाऱ्यांनी शिरेतून कॉन्ट्रास्ट (चित्रात उठून दिसणारे औषध) देऊन, त्याच माणसांचे काही काही तासांनी पुन्हा पुन्हा एमआरआय काढून हे झिरपणे टिपले. 2004 साली ते प्रसिद्ध झाले. गादीच्या मध्यापर्यंत औषध पोहोचायला कित्येक तास लागतात.

हे सगळे आठवायला कारण पोलीस भरतीची तयारी करणारा एक मुलगा. वय 23. रिपोर्टमध्ये 'एल-फोर एल-फाइव्ह डिस्क डेसिकेशन, माइल्ड बल्ज' एवढेच, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी सुकलेली आणि थोडी फुगलेली. नस दबलेली नाही, पायात ताकद पूर्ण. तरी त्याने धावणे सोडले आणि आईने ग्राउंडची फी परत मागितली. 2015 मध्ये 33 अभ्यास एकत्र करून निघालेले आकडे त्याला कुणी दाखवले नव्हते. पाठ अजिबात दुखत नसलेल्या माणसांतही विशीत 37 टक्के, पन्नाशीत 80 टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या दिसतात.

माझी मागणी साधी आहे. रिपोर्टखाली हे वयानुसार आकडे मराठीत छापावेत. अमेरिकेत सुमारे अडीच लाख रुग्णांवर असा प्रयोग झाला, 2020 मध्ये निष्कर्ष आले. पुढच्या तपासण्या-उपचारांत फरक पडला नाही, अफूवर्गीय वेदनाशामकांच्या चिठ्ठ्या किंचित कमी झाल्या. फार नाही, मान्य आहे. पण तिथल्या आकड्यांचा रोख डॉक्टरांकडे होता. आमच्याकडे डॉक्टरांच्या आधी पेशंटच रिपोर्ट मोबाइलवर शोधत बसतो.

लघवीवरचा ताबा गेला, पाऊल उचलेना, ताप आणि वजन घटण्यासोबत पाठ दुखते आहे, तर एमआरआयला उशीर करू नये, हेही लिहून ठेवते. नाहीतर कुणी उलटा अर्थ काढेल.

गेल्या वर्षी असाच एक कागद मी काउंटरच्या काचेवर चिकटवला होता. दोन दिवसांत काढायला लावला. त्याची झेरॉक्स सोबत जोडली आहे. पुरवणीत चौकटीपुरती जागा असेल तर छापावी.

आपली,
एक एमआरआय तंत्रज्ञ, मिरज