आधी गाणे, मग चित्र

मा. संपादक,
स. न. वि. वि.

म्युझिक व्हिडिओविषयी वृत्तपत्रांत जे छापून येते, त्याची सुरुवात बहुधा 1 ऑगस्ट 1981 या तारखेने होते आणि शेवट व्ह्यूजच्या आकड्याने. त्या मध्यरात्री 12 वाजून 1 मिनिटाने अमेरिकेत एमटीव्ही ही संगीतवाहिनी सुरू झाली आणि पहिला व्हिडिओ लागला तो ‘व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार’, हे खरेच. पण रसेल मल्केही यांनी दिग्दर्शित केलेला तो व्हिडिओ 1979 सालचा. म्हणजे जो जन्मदाखला म्हणून दाखवला जातो, त्यातच बाळ दोन वर्षांचे आहे.

वाहिनीने बदलले ते वितरण. प्रकार आधीपासून होता आणि त्याची खूण सोपी आहे : ध्वनिमुद्रण आधी पूर्ण होते, चित्रीकरणाच्या जागी ते वाजवले जाते, गायक त्यावर ओठ हलवतो आणि पुढचे सगळे काम त्या न बदलणाऱ्या ध्वनिफितीला बांधलेले असते. संगीतपटांतली गाणीही अशीच चित्रित होतात, फक्त तिथे आगेमागे कथा असते. ती काढून एकटे गाणे दाखवायचे, ही कल्पना अमेरिकेत 1940 मध्येच धंद्यात उतरली होती. पॅनोरॅम नावाचे कपाटाएवढे यंत्र हॉटेलांत आणि बारमध्ये ठेवलेले असे. 10 सेंटचे नाणे टाकले की 16 मिमी कृष्णधवल फिल्मवरचे सुमारे तीन मिनिटांचे एक गाणे दिसे. या फिल्मना ‘साउंडी’ म्हणत आणि 1946 पर्यंत त्या निघत राहिल्या. एका रिळावर आठ गाणी सलग जोडलेली असत, त्यामुळे निवडीला वाव नव्हता. क्रमाने पुढे जे असेल ते पाहायचे.

या यंत्राची एक गोष्ट आजच्या अभ्यासकाला हमखास चकवते. पॅनोरॅममध्ये प्रतिमा आरशांवरून परावर्तित होऊन पडद्याच्या मागून पडे, म्हणून प्रती मुळातच उलट्या छापलेल्या असत. अशी प्रत आरसे वगळून सरळ डिजिटल केली की डावे-उजवे बदलते. मग अमुक गिटारवादक डावखुरा होता, असे कोणीतरी ठामपणे लिहून मोकळा होतो. तपासायला वादकाच्या कोटाचा छातीवरचा खिसा पाहावा, तो वादकाच्या डाव्या बाजूला हवा. पियानो दिसत असेल तर खर्जाचे स्वर वादकाच्या डाव्या हाताला हवेत. ड्रमवर बँडचे नाव रंगवलेले असेल, तर प्रश्नच मिटला.

फ्रान्समध्ये 1960 च्या सुमारास आलेल्या स्कोपिटोन या तशाच यंत्राने यातल्या दोन उणिवा भरून काढल्या. त्यात 36 रंगीत फिल्म असत आणि हवी ती निवडता येई. ध्वनी फिल्मवरच्या चुंबकीय पट्टीवर होता, त्यामुळे तो साउंडीपेक्षा बराच स्वच्छ लागे. पुढे दूरचित्रवाणीमुळे निराळीच गरज निर्माण झाली. कलाकार स्टुडिओत येऊ शकत नसेल तर त्याच्याऐवजी फिल्म पाठवायची. बीटल्सच्या 1966 मधल्या ‘पेपरबॅक रायटर’ आणि ‘रेन’च्या फिल्म या गरजेतून आल्या. 1975 चा ‘बोहेमियन रॅप्सडी’ही तसाच. तो गाणारा बँड क्वीन दौऱ्यावर होता, म्हणून ब्रूस गावर्स यांनी तो एल्स्ट्री स्टुडिओत सुमारे चार तासांत, फिल्मवर नव्हे तर व्हिडिओटेपवर चित्रित केला. एकाच चेहऱ्याची अनेक प्रतिबिंबे दिसतात ती कॅमेऱ्यापुढे लावलेल्या प्रिझम लेन्समुळे. चेहरा मागे विरत जातो, तो परिणाम कॅमेरा मॉनिटरकडे रोखून मिळवलेला आहे : कॅमेरा स्वतःचेच चित्र टिपत राहतो आणि चित्रात चित्र तयार होत जाते. याला ‘संगणकीय करामत’ म्हटलेले छापून आले की वाईट वाटते.

आता या प्रकाराचा कणा असलेल्या प्लेबॅकविषयी, म्हणजे चित्रीकरणाच्या जागी ध्वनिमुद्रण वाजवण्याविषयी. फिल्मचा कॅमेरा सेकंदाला 24 फ्रेम टिपतो. अमेरिकी रंगीत दूरचित्रवाणीसाठी तीच फिल्म 23.976 च्या वेगाने उतरवावी लागे, म्हणजे चित्र 0.1 टक्का संथ होई. किरकोळ वाटते, पण चार मिनिटांच्या गाण्यात तो फरक 0.24 सेकंदांचा, म्हणजे जवळजवळ सहा फ्रेमचा होतो. ध्वनी चित्राच्या साधारण 45 मिलिसेकंद पुढे गेला की प्रेक्षकाला ते जाणवू लागते (मागे पडलेला ध्वनी मात्र सुमारे 125 मिलिसेकंदांपर्यंत खपून जातो). हिशेब केला तर अशा सलग शॉटमध्ये पाऊण मिनिटातच ओठ चुकताना दिसतील. उपाय एकच : चित्रीकरणाच्या वेळी गाणे 0.1 टक्का जलद वाजवायचे. सेकंदाला 25 फ्रेम दाखवणाऱ्या दूरचित्रवाणी प्रणालीत कॅमेराच 25 वर चालवत. ते विसरून 24 ची फिल्म 25 ने उतरवली, तर 240 सेकंदांचे चित्र 230.4 सेकंदांत संपते.

भराभर कापलेल्या व्हिडिओत ही चूक दिसत नाही, कारण प्रत्येक शॉट नव्याने ध्वनीशी जुळवला जातो आणि दोन सेकंदांत चूक जमते ती फक्त दोन मिलिसेकंदांची. तेव्हा ‘वेगवान संकलन’ ही दरवेळी शैलीच असते असे नाही, कधी ती झाकपाक असते.

वेगाशी मुद्दाम खेळणेही यातूनच आले. कॅमेरा 48 फ्रेमवर चालवायचा आणि गाणे दुप्पट वेगाने वाजवायचे. पडद्यावर शरीर संथ तरंगते, ओठ मात्र शब्दांशी बरोबर जुळतात. मेणबत्त्यांच्या गर्दीतला ‘द पोलिस’ या बँडचा 1983 चा ‘रॅप्ड अराउंड युवर फिंगर’ याच युक्तीने केलेला आहे. कोल्डप्ले या बँडच्या ‘द सायंटिस्ट’मध्ये सगळे जग उलटे चालते आणि गायक सुलटे गातो. त्यासाठी त्याला ते गाणे शेवटाकडून सुरुवातीकडे, उलट्या उच्चारांनी पाठ करावे लागले.

विश्लेषणाची नेहमीची रीत म्हणजे व्हिडिओची ‘कथा’ सांगणे. ती सगळ्यात कमी उपयोगाची आहे, कारण बहुतेक व्हिडिओंना कथा नसतेच आणि असली तरी ती चार वाक्यांत संपते. त्याऐवजी आलेखाचा कागद घ्यावा. एक चौकोन म्हणजे एक ठोका. वरच्या ओळीत गाण्याचे भाग मांडावेत : ध्रुवपद, कडवे, मधले संगीत. त्याखाली प्रत्येक कट कुठल्या ठोक्यावर पडतो, त्याची खूण करावी. मिनिटाला 120 ठोके असतील तर एक ठोका अर्ध्या सेकंदाचा, 24 फ्रेममध्ये नेमक्या 12 फ्रेमचा. 25 फ्रेममध्ये तो साडेबारा फ्रेमचा होतो आणि अर्धी फ्रेम कापता येत नाही. जो संकलक दर 12 फ्रेमला आंधळेपणाने कट देतो, तो 16 ठोक्यांत आठ फ्रेमने पुढे निघून जातो. कागदावर हे लगेच उमटते. चार-चार ठोक्यांच्या गाण्यात प्रत्येक कट समेवर येत असेल, तर चित्र नुसते टाळ्या वाजवते आहे असे समजावे. ध्रुवपदात कट दाट आणि कडव्यात विरळ, ही सर्वांत रुळलेली मांडणी. जिथे ती उलटी केलेली दिसेल तिथे थांबून पाहावे.

आलेखाची ही रीत दिग्दर्शकांच्याच कामातली आहे. दिग्दर्शक मिशेल गाँड्री यांनी केमिकल ब्रदर्स या जोडीच्या 2002 मधल्या ‘स्टार गिटार’ची आखणी आधी आलेखाच्या कागदावर केली होती. आगगाडीच्या खिडकीतून दिसणारा प्रत्येक खांब, पूल, इमारत ही त्या गाण्यातल्या एखाद्या आवाजाची जागा आहे. पहिल्यांदा पाहताना ते नुसते प्रवासाचे चित्रण वाटते, यातच त्याची गंमत. गाँड्री यांच्याच 1997 च्या, डॅफ्ट पंकसाठी केलेल्या ‘अराउंड द वर्ल्ड’मध्ये हे उघड केलेले आहे : नर्तकांतले यंत्रमानव म्हणजे व्होकोडरमधला (आवाज यांत्रिक करणाऱ्या उपकरणातला) आवाज, खेळाडू म्हणजे बेस, सांगाडे म्हणजे गिटार, ममी म्हणजे ड्रम मशीन. ध्वनी बंद करून केवळ नर्तकांकडे पाहत वाद्यरचना ओळखायचा प्रयत्न करावा. ती बऱ्यापैकी ओळखता येते.

कुठली प्रत पाहतो, हेही लिहायला हवे. जुने 4:3 चौकटीचे (रुंदी : उंची) व्हिडिओ 16:9 च्या रुंद चौकटीत ‘सुधारून’ टाकलेले आढळतात. पडदा भरण्यासाठी त्यात वरून-खालून मिळून चित्राच्या उंचीचा 25 टक्के भाग कापलेला असतो, आणि मग दिग्दर्शकाच्या ‘घट्ट चौकटी’चे कौतुक होते! त्याहून घातक म्हणजे 60 फ्रेममध्ये ‘गुळगुळीत’ केलेल्या प्रती. 1986 च्या ‘स्लेजहॅमर’साठी गायक पीटर गॅब्रिएल 16 तास काचेखाली पडून राहिले आणि एकेक फ्रेम टिपली गेली. त्या धक्क्याधक्क्याने चालणाऱ्या हालचालीच्या मध्ये संगणकाने कल्पनेने फ्रेम भरल्या की मूळ कामच पुसले जाते. आ-हा या बँडच्या ‘टेक ऑन मी’मधल्या सुमारे 3,000 फ्रेमच्या पेन्सिलरेखाटनाला 16 आठवडे लागले होते. रेषांची ती थरथर म्हणजे दोष समजून काढून टाकायची गोष्ट नव्हे.

श्रेयाचे म्हणाल तर एमटीव्हीने पडद्यावर दिग्दर्शकाचे नाव द्यायला 1992 मध्ये सुरुवात केली, म्हणजे तब्बल 11 वर्षांनी. त्याआधीच्या कामांची श्रेये म्हणूनच दोन ठिकाणी पडताळून घ्यावी लागतात.

व्ह्यूजचा आकडा निरर्थक आहे असे मी म्हणणार नाही. फेब्रुवारी 2013 पासून जानेवारी 2026 पर्यंत अमेरिकेतली बिलबोर्ड हॉट 100 ही लोकप्रिय गाण्यांची यादी क्रम ठरवताना यूट्यूबवरचे पाहणेही मोजत होती, म्हणजे त्या आकड्याला व्यावहारिक वजन होते. पण तो वितरणाचा हिशेब झाला, कामाचा नव्हे.

आपल्या पुरवणीत यापुढे एखाद्या व्हिडिओवर लेख आला, तर खाली एक ओळ जागा द्यावी, ही विनंती : दिग्दर्शक, छायालेखक आणि संकलक यांची नावे, व्हिडिओचे वर्ष (गाण्याचे नव्हे), पाहिलेल्या प्रतीची लांबी मिनिट-सेकंदांत, आणि चौकटीचे प्रमाण.

आपला,
एक चित्रफीत संकलक