पॅलेस थिएटरच्या मामांना

मामा, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मला ठाऊक नाही. खाकी पँट, गळ्यात मफलर आणि हातात किल्ल्यांचा जुडगा, एवढीच ओळख माझ्याकडं आहे. कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली, त्याच्या आधीच्या हिवाळ्यात एका दुपारी तुम्ही माझ्या वडिलांना आत घेतलंत. कोल्हापुरातलं कुणीतरी हे वाचेल आणि तुमच्या कानावर घालेल, या आशेनं सगळ्यांसमोर लिहिते आहे.

वडील, म्हणजे आमचे आप्पा, कर्नाटकातल्या निपाणीचे. सगळी हयात तंबाखूच्या वखारीत गेली. पण यात्रेत नाटक उभं राहायचं ठरलं की बाई पार्ट त्यांच्याकडंच. नऊवारी नेसायला त्यांना कुणाची मदत लागत नसे, असं आई कौतुकानं सांगायची. तरुणपणी एकदा ते नाटक बघायला कोल्हापूरला गेले. तिकिटाला पैसे पुरले नाहीत, म्हणून बाहेर थांबून कानावर पडतील तेवढी पदं ऐकली आणि परत आले. शाहू महाराजांनी बांधलेलं, 1915 साली सुरू झालेलं ते थिएटर. 1957 साली त्याला गायक-नट संगीतसूर्य केशवरावांचं नाव दिलं, पण आप्पांच्या तोंडी अजून पॅलेस थिएटरच आहे.

केशवरावांवर त्यांचा फार जीव. माणूस कोल्हापूरचा, पण ललितकलादर्श नाटक मंडळी काढली ती हुबळीत, 1908 साली. 1921 साली टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्वांबरोबर संयुक्त प्रयोग केला आणि त्याच वर्षी अवघ्या एकतिसाव्या वर्षी गेले. आप्पा हे सगळं तारीखवार सांगतात. संगीत नाटकाचे अण्णासाहेब किर्लोस्कर आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, हेही सांगतात. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीत मराठीतलं पहिलं नाटक केलं, त्याच्या आधी तिथं कर्नाटकातल्या भागवत मंडळींचा खेळ झाला होता, हे तर प्रत्येक पाहुण्याला ऐकावं लागतं. ते सांगताना त्यांचा आवाज चढतो. निपाणीत जन्म गेलेल्या माणसाला हे सांगावंसं वाटणारच.

त्यांना ते थिएटर आतून दाखवायचं, एवढंच मला करायचं होतं. त्यासाठी किती जणांच्या पाया पडले! एका ट्रॅव्हलवाल्यानं सहलीचे पैसे घेताना हो म्हटलं आणि ऐनवेळी गाडी थांबवली नाही. रिकाम्या थिएटरात काय बघायचंय म्हणाला. ओळखीतल्या एका बड्या माणसानं ‘एक फोन करतो, काम झालं समजा’ असं सांगितलं आणि मग माझेच फोन उचलेनासा झाला. एका कार्यालयात तर गाडीची कर्नाटकची केए पाटी बघून साहेबांनी विचारलं, ‘तुमच्याकडं नाहीत का नाट्यगृहं?’ आप्पा शेजारीच उभे होते. इकडं आम्हाला मराठी म्हणून बोलणी बसतात, तिकडं पाटी बघून. सीमाभागातल्या माणसाला याची सवय असते, पण पंच्याऐंशीच्या घरातल्या म्हाताऱ्यासमोर तरी कुणी असं बोलू नये.

म्हणून तुमच्यासमोर आलो तेव्हा मी कागदपत्रांची पिशवी घेऊनच उभी होते. आधार कार्ड, अर्जाची प्रत, सगळं. तुम्ही पिशवीकडं बघितलंसुद्धा नाही. कुठनं आला हेही विचारलं नाही. आप्पांचा हात कठड्यावरनं फिरत होता, तो तुम्ही बघत होता. आणि विचारलंत, ‘कुठला पार्ट करत होता, आजोबा?’

मामा, त्या प्रश्नानं आप्पा सरळ उभे राहिले. काठी माझ्याकडं दिली.

आत संध्याकाळच्या प्रयोगाचा सेट लागत होता. हातोड्यांचे आवाज, ओल्या रंगाचा वास. आप्पा खुर्च्यांमधनं हळूहळू पुढं गेले आणि रंगमंचासमोर थांबले. वर जायचं त्यांच्या मनात होतं, पण ते मागणारा माणूस नव्हे. तुम्ही त्यांच्या दंडाला धरलंत आणि म्हणालात, ‘इकडनं नको. मागनं या. कलाकारानं विंगेतनंच यायचं.’

मग तुम्ही त्यांना सगळा वळसा घालून रंगपटाच्या बाजूनं नेलंत. गुडघे दुखत होते, समोरनं जवळ पडलं असतं, तरी त्यांनी हूं की चूं केलं नाही. विंगेत तुम्ही स्वतः मागं राहिलात आणि त्यांना एकट्याला पुढं जाऊ दिलंत. हातोडेवाल्या पोरांना हातानंच थांबायची खूण केलीत. आप्पांनी वाकून रंगमंचाला हात लावला, तो कपाळाला लावला आणि एक ओळ म्हटली. आवाज कापत होता, सूर बरोबर होता. खाली मी पदर तोंडाशी धरून बसले होते.

आत सोडणारी माणसं मिळतातही कधीकधी, चार पैसे पुढं केले की. तुम्ही चहाचे पैसेही घेतले नाहीत. पण माझ्या बापाला बघे म्हणून न नेता नट म्हणून नेणं, हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं? किल्ली हातात आली की बहुतेकांना दार बंद ठेवण्यातच मोठेपणा वाटतो. असली माणसं खुर्चीत बसून असतात आणि मफलर गुंडाळलेला एक माणूस राजाच्या थिएटरची शान सांभाळतो. शाहू महाराजांनी नाटकाचं थिएटर आणि खासबागेचं कुस्तीचं मैदान शेजारी शेजारी बांधलं. गावोगावच्या नटाला आणि पैलवानाला तिथं मान मिळावा, हेच त्यांच्या मनात असणार. तो मान त्या दुपारी तुम्ही दिलात.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री थिएटर जळाल्याची बातमी आली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. आप्पा टीव्हीसमोरनं हलले नाहीत, जेवलेही नाहीत. दगडी भिंतींमधनं निघणारा धूर बघत त्यांनी पहिलं काय विचारलं असेल? ‘तो किल्लीवाला बरा हाय न्हवं?’ आमच्याकडं उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

तेव्हा मामा, बरे आहात एवढा निरोप कुणाबरोबर तरी निपाणीला धाडा. थिएटर पुन्हा उभं राहतंय, आप्पा त्याच्या बातम्यांची कात्रणं ठेवताहेत. आणि सवड काढून एकदा घरी या. मटण-भाकरीचा बेत आप्पांनी आत्ताच ठरवून ठेवलाय, शाकाहारी असाल तर पुरणपोळी करेन.

तुमची निपाणीची भाची